वाऱ्याची पाळी

पौषात शाळू हुरड्यात आला की वडवणीच्या शिवारात वारा वाजायला लागतो. बांधावर उभं राहिलं तर सुरुवातीला काही दिसत नाही. डोक्याच्या वर गेलेली धाटं, त्यांच्या टोकाला भरत आलेली कणसं, आणि त्या सगळ्यांवरून सरकणारी एक घूंऽ घूंऽ. ती कुठून येते ते कळत नाही. आपण चालू लागलो की ती पुढं सरकते, थांबलो की पाठीमागून येते. मग ऊन एका कोनात येतं आणि कणसांच्या वर हातभर उंचीवर एक तपकिरी रेघ चमकून जाते. ती कॅसेटची फीत असते.

साठ मिनिटांच्या एका कॅसेटमध्ये जवळजवळ 90 मीटर फीत मावते. एकराच्या चौकोनी रानाची एक बाजू 64 मीटरच्या आसपास भरते. म्हणजे एका कॅसेटमध्ये रान एकदा आडवं ओलांडून वर थोडी फीत उरते. दोन्ही कडांना तुराटीचे नाहीतर बाभळीचे खुंट रोवायचे, मध्ये आधाराला एकदोन काठ्या द्यायच्या आणि फीत ओढून बांधायची. बांधताना तिला दोनचार पीळ द्यायचे. सगळी करामत त्या पिळात आहे. फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद आणि कागदाहून पातळ. ती सरळ सपाट राहिली तर वारा तिच्या अंगावरून निसटून जातो. पीळ दिला की कुठं ना कुठं तिची सपाट बाजू वाऱ्याला सामोरी येतेच. वारा तिला ढकलतो, ताण तिला मागं खेचतो, ती मधल्या जागेवर थांबण्याऐवजी पलीकडं जाते, तिथं वारा तिला पुन्हा पकडतो. सेकंदाला कितीतरी वेळा हे होत राहतं आणि आपल्या कानाला तो सूर वाटतो.

तारेवर वाऱ्याने उमटणाऱ्या सुरांचा अभ्यास चेक शास्त्रज्ञ चेनेक स्ट्रोहाल यांनी 1878 मध्ये केला. वारा जितका वेगवान आणि तार जितकी बारीक तितका सूर चढा, हा हिशेब त्यांनी मांडला. त्याच्याही आधी, 1650 मध्ये, अथानासियस किर्चर या पंडिताने संगीतावरच्या आपल्या ग्रंथात वाऱ्यावर वाजणाऱ्या तंतुवाद्याचं वर्णन छापलं होतं. युरोपातल्या घरांच्या खिडकीत पुढं अशी वाद्यं ठेवली जाऊ लागली. मलेशियात वाऊ बुलान नावाच्या मोठ्या पतंगाच्या डोक्यावर धनुकली बसवतात, तिची पट्टी आभाळात गुंजत राहते. वडवणीच्या शाळवातली फीत याच कुळातली आहे. तिचं बांधणं वेगळं आणि तिच्यावर जबाबदारीही जास्त. तिला पीक राखायचं असतं.

बीड जिल्ह्यातला वडवणी तालुका बालाघाटाच्या उतरणीवर आहे. डोंगर उत्तरेकडं ओसरत गोदावरीच्या खोऱ्याकडं सपाट व्हायला लागतो तो हा भाग. वर मुरमाड माळ, खाली काळी जमीन, उपळीजवळ कुंडलिकेवर बांधलेलं धरण. सह्याद्रीने पाऊस आपल्याकडं ठेवून घेतल्यावर जे उरतं त्यावर हा मुलूख जगतो. आषाढात पश्चिमेचा वारा इथं दिवसरात्र वाहतो, ढग घेऊन येतो आणि पुष्कळदा तसेच पुढं घेऊन जातो. चैत्रात उघड्या रानातून वावटळी उठतात, पाचोळा आणि धूळ उभी करून बांध ओलांडतात. थंडीतला वारा हलका असतो. पाणी मोजून मिळतं, पण वारा बारा महिने आहे. जिथं जे मुबलक असतं त्याच्याशी माणसाचे हात खेळायला लागतात. कोकणात पाण्याशी, नदीकाठी मातीशी, इथं वाऱ्याशी.

इथल्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. रुईचं नाहीतर पळसाचं पान घ्यायचं, बाभळीचा लांब पांढरा काटा त्याच्या मधोमध टोचायचा, काटा शाळवाच्या धाटाच्या भेंडात खुपसायचा आणि धावत सुटायचं. पानाच्या दोन बाजू उलटसुलट मुडपल्या असतील तर भिंगरी फिरते, नाहीतर नुसती थरथरते. किती मुडपायचं ते बोटांना कळेपर्यंत पान फाटतं. मोठी माणसं तीच भिंगरी पत्र्याची करतात. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाती, मध्ये सायकलचा जुना आस, मागं वाऱ्याकडं तोंड वळवणारी शेपटी आणि आसाला बांधलेला नटबोल्ट, जो प्रत्येक फेऱ्याला रिकाम्या डब्यावर आपटतो. वारा मंद असला की ठण्… ठण्… असा विचार करत वाजतो, जोर धरला की सलग खणखणाट. रानात दोन असे डबे असले आणि त्यांच्या पात्यांची लांबी वेगळी असली, तर दोघांची लय क्षणभर जुळते आणि लगेच सुटते. मी चित्रं काढणारी बाई, गाण्यातलं मला फार कळत नाही. पण ती जुळण्याची घटका यावी म्हणून मी बांधावर तासन्‌तास बसलेली आहे.

या फितींवर एकेकाळी गाणी होती. ऐंशीच्या दशकात कॅसेट गावोगाव पोचली. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं, कीर्तनं, लावण्या, लग्नात वाजवायची सिनेमाची गाणी, सगळं या तपकिरी पट्टीवर चुंबकाच्या बारीक कणांत साठवलेलं होतं. टेपरेकॉर्डर बंद पडले, कॅसेटी माळ्यावर गेल्या आणि तिथून रानात आल्या. आता कृषी केंद्रात चमकणारी लाल-रुपेरी फीत मिळते, माणसाचा हाकारा भरलेले बॅटरीचे भोंगेही मिळतात. तरी जुन्या घरात अजून कॅसेट निघते आणि ती वाया जात नाही. वाऱ्याला त्या फितीवरचं गाणं वाचता येत नाही. तो तिच्या रुंदीवर, ताणावर आणि पिळावर आपलं गाणं बसवतो. माणसाने भरलेला आवाज तिच्यात मुका राहतो आणि त्याच फितीतून वाऱ्याचा आवाज उमटतो, ही गोष्ट मला दरवेळी नवी वाटते. एका वस्तूत दोन गाणी, आणि दुसऱ्यासाठी कुठलंच यंत्र नको.

ही फीत का लागते, हे मात्र नुसत्या नवलाने सांगून भागणार नाही. दसरा झाला की या तालुक्यातल्या वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा, आणि वडवणी त्यातला मोठा वाटा उचलणारा तालुका. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पेंड्या, पाचटाच्या कोपीचं सामान, शेळी, कडेवरचं लेकरू, असा संसार चढतो आणि कोयता पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या कारखान्यांकडं निघतो. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे फाल्गुन-चैत्रापर्यंत, गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागं ठेवलेली मुलं. आणि शाळवाचं कणीस भरतं ते नेमकं याच काळात. हस्ताच्या पावसावर पेरलेली मालदांडी ज्वारी मार्गशीर्षात निसवते, पौषात हुरड्यावर येते. तेव्हाच भोरड्यांचे थवे उतरतात. मध्य आशियाच्या बाजूने हिवाळ्यात येणारी ही गुलाबी पाखरं शेकड्यांनी एका रानावर पडतात. त्यांच्या जोडीला राघू, साळुंक्या, चिमण्या असतातच. पूर्वी रानातल्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायला घरात चार हात असायचे. ते हात आता कोल्हापूर-सांगलीच्या फडात ऊस तोडत असतात. त्यांच्या जागी वारा उभा केला आहे.

चिंचवणच्या रस्त्याला एक म्हाताऱ्या बाई असं रान राखतात. सगळी वस्ती त्यांना मावशी म्हणते, मीही म्हणते. त्यांच्याकडून मी फीत बांधायला शिकले. मी ताणून बांधायला गेले तेव्हा त्यांनी हात धरला. म्हणाल्या, “पोरी, वाऱ्याला जागा ठिव. ढिली बांधली की ती गप बसती, लई ताणली की तुटती.” मग त्यांनी फितीला बोटाने टिचकी मारली, कान जवळ नेला आणि अर्धा पीळ सोडला. दर दोनतीन दिवसांनी त्या एक फीत सोडून दुसरीकडं बांधतात, कधी वर, कधी खाली. मी कारण विचारलं. “पाखरू शानं हाय. येकाच जाग्याला वाजाया लागलं की त्याला कळतं, हितं मानूस न्हाई. जागा बदलली की त्याला वाटतं, कुनीतरी हाय.”

‘कुणीतरी आहे’ असं वाटायला लावणं, हे मावशींचं काम. मला त्यात कलेचा सगळा व्यवहार दिसतो. चित्रकारही कागदावर कुणीतरी असल्याचा भास उभा करतो आणि तो भास शिळा होऊ नये म्हणून जागा बदलत राहतो. मावशींच्या बाजूने आणखी अवघड गोष्ट अशी की त्यांचा हात ऐन वेळी तिथं नसतो. खुंट कुठं, उंची किती, ताण केवढा, पीळ किती एवढं ठरवून त्या बाजूला होतात. पुढचं वाऱ्याकडं.

पण वाऱ्याचीही पाळी असते. थंडीत पहाटे इथं पान हलत नाही. रात्रभर निवलेली जमीन आपल्या अंगालगतची हवा जड करून धरून ठेवते. ऊन तापून जमीन सुटायला लागली, साधारण नऊदहाला, की वरचा वारा खाली उतरतो. आणि पाखरांची मोठी भूक असते ती दिवस उगवताना. म्हणजे ज्या वेळी रान लुटलं जाण्याचा धोका सर्वांत जास्त, त्या वेळी फीत मुकी. म्हणून मावशी उजाडायच्या आत रानात असतात, डबा बडवतात, “हाऽऽ हुर्रर्र” करत बांधाने फिरतात. फीत पहिल्यांदा गुणगुणली की त्या हातातला डबा खाली ठेवतात, डोक्यावरचा पदर सारखा करतात आणि घरी भाकरी थापायला निघतात. संध्याकाळी वारा पडला की पुन्हा येतात. वाऱ्यासोबत काम करायचं म्हणजे आपलं काम त्याच्यावर सोपवणं, असा माझा समज होता तो इथं बदलला. वारा नसतो त्या वेळेची जबाबदारी माणसाचीच, आणि ती वेळ ओळखता येणं हीच खरी कारागिरी.

खळ्यावर हे अधिक ठळक दिसायचं. मळणीयंत्र येण्याआधी धान्य वाऱ्यावर उफणत. बैलांच्या पायाखाली कणसं तुडवून झाली की तीन पायांच्या उंच तिवईवर एकाने उभं राहायचं, खालच्याने पाटी भरून वर द्यायची, वरच्याने ती डोक्याच्या उंचीवरून हलवत हलवत रिकामी करायची. भरला दाणा सरळ पायथ्याशी पडतो. पोचट दाणा थोडा लांब. कोंडा त्याच्याही पुढं, आणि भुसा सर्वांत दूर, वाऱ्याच्या दिशेने पसरत गेलेला. मालदांडीच्या हजार दाण्यांचं वजन जेमतेम तीस-पस्तीस ग्रॅम. त्यातल्या एका दाण्याचं आणि त्याच्या कोंड्याचं वजन वारा वेगळं करून दाखवतो. दिवस कलला की खळ्यावर त्या दिवसाच्या वाऱ्याचा नकाशा जमिनीवर मांडलेला असे: मोतिया रंगाची रास, तिच्याभोवती फिकट होत जाणारे पट्टे, शेवटी भुशाची लांब शेपटी. वारा वळला असेल तर शेपटीही वळलेली. मधूनच वारं पडलं तर पाटी हातात तशीच धरून सगळे थांबत. कुणी घाई करत नसे, कारण बिनवाऱ्याची पाटी ओतली तर केलेली निवड पुन्हा मिसळून जाई. यंत्रातला पंखा एकसारखा वारा देतो, कष्ट वाचवतो, आणि ते वाचायलाच हवेत. तिवईवर दिवसभर हात वर धरून उभं राहणाऱ्या बाईचे खांदे कसे भरून येत हे तिलाच माहीत. तरी त्या राशीभोवतीची आकृती मी लहानपणी पाहिली आहे, आणि चित्रात छटा म्हणजे काय हे मला तिथं समजलं.

या ओढीनेच मी वाऱ्याकडून चित्रं काढून घेऊ लागले. पद्धत सोपी आहे. फळीवर कागद ताणून लावायचा, फळी झाडाखाली खुंटीला टेकवून उभी करायची, खाली लोंबणाऱ्या डहाळीच्या टोकाला बाभळीचा कोळसा दोऱ्याने बांधायचा आणि तो कागदाला जेमतेम टेकेल असं अंतर ठेवायचं. पुढचं झाड आणि वारा पाहून घेतात. इंग्लंडमध्ये टिम नोल्स या चित्रकाराने झाडांच्या फांद्यांना पेनं बांधून अशी चित्रं काढून घेतली आहेत. नेदरलँड्समध्ये थिओ यान्सन 1990 पासून प्लास्टिकच्या नळ्यांचे मोठे सांगाडे बनवतात आणि ते समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याच्या बळावर पाय टाकत चालतात. दोघांच्या कामाने मला धीर दिला. पण माझी झाडं वडवणीची आहेत आणि त्यांचा हात त्यांचा आहे. कडुनिंब लांब, सैल कमानी काढतो, एकीवर एक, घाई न करता. बाभळीची डहाळी ताठ, ती कागदावर छोटे तिरपे फटके मारते. चिंच जड, मंद वाऱ्यात ती एक ठिपकाच गडद करत बसते. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचीक. इतर झाडं स्थिर असतात तेव्हाही त्याचं पान थरथरतं, आणि पानालाच कोळशाचा कण चिकटवला तर कागदावर बारीक शहारा उमटतो.

ऋतूंचेही हात वेगळे. आषाढातल्या कागदावर सगळ्या रेघा पूर्वेला सरकलेल्या असतात, कारण पश्चिमेचा वारा फांदीला परत येऊ देत नाही. पौषातला कागद अर्धा कोरा, वारा फिरून फिरून विश्रांती घेतो. चैत्रात एखादी वावटळ झाडावरून गेली की कागदाच्या मधोमध गाठ मारल्यासारखी गुंतवळ होते आणि पुष्कळदा कागदही फाटतो. तो फाटका कागद मी जपून ठेवते, कारण तिथं वावटळ होती याचा दुसरा कुठलाच पुरावा राहत नाही.

अलीकडं बालाघाटाच्या पठारावर, पाटोदा-केजच्या बाजूला, पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. रात्री त्यांचे तांबडे दिवे लांबून दिसतात. ज्या वाऱ्याने इथल्या ढगांना थांबू दिलं नाही त्याच वाऱ्यातून वीज निघते याचं मला समाधान वाटतं. त्या विजेचा आणि त्या जमिनीच्या मोबदल्याचा हिशेब इथल्या माणसाच्या पदरात सरळ पडावा, असंही वाटतं. कारण वाऱ्याला आता भाव आला आहे, आणि भाव आलेली गोष्ट ज्याची असते त्याच्याकडं राहतेच असं नाही. फितीतला आणि पानातला वारा मात्र अजून सगळ्यांचा आहे. तो कुणाच्याही बांधावर, कुणाच्याही पोराच्या हातातल्या धाटावर येतो.

रात्री वस्तीवर फोन येतात. फडातून, कोपीतून, कारखान्याच्या गव्हाणीत उभ्या असलेल्या गाडीवरून. आईबाप मुलांना विचारतात, जेवलास का, शाळेत गेलास का. मग आवाज थोडा बदलून म्हाताऱ्यांना विचारतात, कणीस भरलं का, वारं कसंय. मी हे अनेकदा ऐकलं आहे. वाऱ्याची विचारपूस करणाऱ्या माणसाला पिकाचीच काळजी असते, पण त्याला आपल्या रानात उभं असल्याचा आवाजही हवा असतो. तिकडं उसाच्या पाल्याची सळसळ आहे, शाळवावरची घूंघूं नाही. फोनवर “चांगलंय” एवढंच उत्तर जातं.

म्हणून यंदाच्या हंगामात मागं राहणाऱ्या मुलांना घेऊन मला एक काम करायचं आहे. मुलं मावशींकडून फीत बांधायला शिकतील, भिंगऱ्या करतील, आणि प्रत्येक जण आपल्या घराजवळचं एक झाड निवडेल. नऊदहाच्या सुमाराला वारा उतरला की कोळसा बांधायचा, शाळेची घंटा होईपर्यंत कागद ठेवायचा आणि त्यावर पेन्सिलीने तारीख, झाडाचं नाव आणि वाऱ्याची दिशा लिहायची. हंगामाच्या मध्यावर गावाकडून फडाकडं जाणारं कुणी ना कुणी असतंच. त्यांच्या पिशवीतून ते कागद घडी करून जातील. कोळसा थोडा फिसकटेल, चालेल. फडातल्या आईला तो उघडल्यावर चित्रकला समजावी लागणार नाही. तिच्या दारातल्या निंबाची फांदी त्या दिवशी किती हलली, कुठल्या अंगाला हलली आणि मध्ये किती वेळ गप्प राहिली, हे तिला पहिल्या नजरेत वाचता येईल. तिने विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर तिला मिळायला हवं, आणि ते द्यायला वाऱ्याइतकं भरवशाचं तिथं दुसरं कुणी नाही.